तांदळातलं नाव

हडपसर, शुक्रवार

प्रिय तनया,

तू गेल्यावर तुला कधी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणारा पोरगा म्हटल्यावर आधी तूच हसली असतीस. 'पिनकोड काय टाकलास?' असं विचारलं असतंस, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, कसब्यातल्या त्या खास सुरात. पण सध्या आमच्या घरात तू चालती-बोलती आहेस, म्हणून लिहितोय.

सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडते, 'तनयाला तिखट चालतं का रे?' कपाट आवरताना म्हणते, वरचा कप्पा तनयाला. काल सोनालीचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, फोन टेबलावर थरथरला आणि काचेवर नाव उजळलं: तनया. माझ्या हातातली बशी पडली. फोन अपेक्षाचा होता. लोणी काळभोरची आहे. रविवारी माझं तिच्याशी लग्न आहे.

चिडू नकोस. किंवा चीड, तुला शोभतं. मला शोभत नव्हतंच. सरांवर फाइल फेकून मी कॉलेज सोडलं तेव्हा वाटलेलं, काय डेरिंग आपली! तू म्हणालीस, 'तुला भांडता येतं, विक्रम. नाही म्हणता येत नाही.' तुझं नाही इवलंसं असायचं. बिनसाखरेचा सांगितलेला चहा गोड आला की कप परत. बसमध्ये बायकांच्या जागेवर बसलेल्याला, 'काका, पाटी मराठीतच आहे.' तुझ्या काकांकडच्या सत्यनारायणाला तू पुरुषांच्या पंगतीत जाऊन बसलीस. काकू म्हणाल्या, अगं, आपण नंतर. तू म्हणालीस, 'भूक आत्ता लागलीये.' आणि हजेरीला सरांनी 'तान्या' म्हटलं की दर वेळी, न कंटाळता, 'तनया, सर.' एवढ्याशासाठी कशाला, असं मी विचारलं तर म्हणालीस, 'रियाज आहे. माझ्या घरी तुझं नाव सांगायची वेळ येईल तेव्हा गळा बसायला नको.'

ती वेळ आलीच नाही. साधा ताप म्हणून तुला दवाखान्यात नेलं, आणि तिथून तू वैकुंठ स्मशानभूमीतच आलीस. मी लांब, गाड्या लावतात तिथे उभा होतो. जवळ आलो असतो आणि तुझ्या बाबांनी 'आपण कोण?' विचारलं असतं, तर काय सांगणार होतो?

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, या रिवाजावर तू किती खवळायचीस. 'एक हात फिरवला की जुनी मुलगी साफ!' शनिवारवाड्यापाशी भेळ खाताना माझ्याकडून शब्द घेतलास. तांदळात मी 'तनया'च लिहीन. सुपारी फुटली त्या दिवशी भर बैठकीत गुरुजींनी विचारलं, 'बोला नवरदेव, नाव काय ठेवायचं?' आणि माझ्या तोंडून तो शब्दच बाहेर पडला. तनया. सगळ्यांना आवडलं. आमचे वडील, अण्णा, म्हणाले, 'झ्याक हाय की!' मी एवढा भांडखोर, पण 'चुकून बोललो' एवढं म्हणता आलं नाही.

संध्याकाळी अपेक्षाचा फोन. 'नाव छान आहे हो. कुणाचं आहे?' मी हॉलचं, जेवणाचं काहीबाही बोलत सुटलो. मग म्हणाली, 'मला अपेक्षाची सवय आहे. बाकी तुम्ही बघा.' आवाज जराही न चढवता. तूच बोलतेयस असं वाटलं.

मग मी रियाजाला बसलो. शेरवानीचा रंग मी सांगितलेला नव्हता, ती शिंप्याला शांतपणे परत दिली. चुलतभावानं, चेतननं, चौकात माझा गॉगलवाला फ्लेक्स लावला होता. एकही शिवी न देता उतरवायला लावला. 'दादा, आजारी हाय का तू?' म्हणाला. फाइल फेकायला याच्या निम्मीही ताकद लागली नव्हती गं.

आज सकाळी अण्णांसमोर बसलो. म्हटलं, तिचं नाव अपेक्षाच राहील. 'मग ताट कशाला मांडायचं?' म्हटलं, मांडा, तेच लिहितो. 'लोकं इचारतील.' म्हटलं, विचारू देत. त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि चहा तसाच ठेवून उठले. मी ओरडलो असतो तर त्यांना सोपं गेलं असतं.

तेव्हापासून घरात कुणी तुझं नाव घेतलेलं नाही. आईनं 'तन...' म्हणून जीभ चावली. सोनालीनं फोनमधलं नाव बदललं. मला हेच हवं होतं, तनया. पण इतके दिवस मी तुझं नाव ऐकायला दाराआड कान लावून बसत होतो, हे आज घर गप्प झाल्यावर कळलं. रविवारी तुला दिलेला शब्द मोडणार आहे. तुझं नाव तांदळात येणार नाही, आणि दुसऱ्या पोरीच्या अंगावरही चढणार नाही. तुला तर कुणी तान्या म्हटलेलंसुद्धा चालायचं नाही. पण एकदा कुठेतरी ते माझ्या हातानं नीट लिहायचं होतं, त्यासाठीच हे पत्र. सगळ्यात वर लिहिलंय बघ. खालचं हे सगळं तांदूळ समज.

तुझाच, रविवारपर्यंत,
विक्रम