मोबाईलला पाचपैकी पाच

६ फेब्रुवारी २००६, भोर

पुन्हा वाजला! एसटीत उभी होते तरी घेतला. आसिफचं एकच — कुठं आहेस? सोबत कोण आहे? मंगनीत, म्हणजे आमच्या साखरपुड्यात, त्यानंच दिलेला मोबाईल. धाकटी बहीण समीना म्हणते, नशीबवान आहेस. असेन. पण वाजला की आधी आजूबाजूला कोण आहे ते बघते.

उद्यापासून वेल्ह्याकडं सर्व्हे. पुण्याच्या मॅडमनी प्रश्न दिलेत — मोबाईल आल्यापासून मनासारखं वागता येतं का? आपल्यालाही काही जमतं असं वाटतं का? माणसं जवळ आली का? एक ते पाच गुण द्यायचे.

९ फेब्रुवारी

सगळ्या बायका पाचच्या पाच देतायत! भामाबाईंच्या घरातला मोबाईल तर लेकाच्या खिशात, लेक शिवऱ्याला कामावर. मनासारखं वागता येतं? — पाच. शेवटी म्हटलं, मावशी, खरं सांगा की.

"कमी दिलं तर तू नापास व्हशील न्हवं? लई लांबून आलीयास."

हसले. परतताना मात्र हसू येईना. परवा अब्बांनी विचारलं, आसिफ बरा वाटतो ना? मीही म्हणाले, चांगलाय. त्यांनी किती हौसेनं जमवलंय! सगळ्या भोरात सांगत फिरतात. त्यांच्या तोंडावर कमी कसं द्यायचं?

१० फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, गुण तुला नाहीत, मोबाईलला आहेत, हे आधी सांग. बरं.

१३ फेब्रुवारी

वेल्ह्यापुढं रेंज नाही. दिवसभर मोबाईल गप्प — काय बरं वाटलं! भामाबाईंनी गुण बदलले. मनासारखं वागायला एक. माणसं जवळ यायला पाचच, कारण रविवारी लेक घरी असतो, तेव्हा टेकडीवर चढून सासरी गेलेल्या लेकीशी बोलता येतं.

नसरापुरात रेंज आली आणि लगेच वाजला. आसिफ भडकलेला. बंद का ठेवलास? उद्यापासून काम सोड. अजून लग्न व्हायचंय आणि हा हुकूम!

१५ फेब्रुवारी

अम्मी म्हणाली, पुरुष काळजी करतातच. अब्बांना सांगू नकोस. तरी सांगितलं, जेवताना, एका दमात. मला आसिफची भीती वाटते, मी म्हणाले. अब्बा ताटावरून उठले. हात धुतले, टेम्पो काढला, गेले. अम्मी रडतेय. मला कुठंच बसवेना. उगाच बोलले का?

१६ फेब्रुवारी

सकाळी मोबाईल वाजला. मी हात पुढं करायच्या आत अब्बांनी उचलला.

"न्हाई, तमन्ना कामावर गेलीय. काय आसंल ते माझ्याशी बोल."

मी समोरच बसले होते, त्यांचा चहा गाळत.