वीस सेकंदांच्या पुढे

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट आधी उलटसुलट करशील, पत्ता चुकला की काय म्हणून. चुकलेला नाही. बाबा आता माझ्याकडे आहेत. अंथरुणाला खिळलेत, पण कान शाबूत आहेत आणि जीभही. काल नर्सबाईंना म्हणाले, तुमच्या चपला बेसूर वाजतात.

आठवतं, वाजवायच्या आधी ते क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पट्टी तोंडात भिजवत बसायचे? पट्टी तोंडात असली की रागावता येत नसे, म्हणून आपण सगळ्या खोड्या तेव्हाच उरकायचो. मी आता प्लास्टिकची वापरतो. ती भिजवावी लागत नाही.

माझं बरं चाललंय. ज्यांच्या साथीला वाजवतो त्या गायिकाबाई चांगल्या आहेत. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात माझा वीस सेकंदांचा तुकडा आहे. लोकांना तो तोंडपाठ आहे, त्यामुळे रेकॉर्डवर आहे तसाच वाजवायचा, एक सूर इकडेतिकडे नाही. बाबांच्या जॅझ बँडमध्ये कालचं आज वाजवलं तर बोलणी बसायची. तो सोडून निघालो तेव्हा मी तुला म्हणालो होतो, बसा तुम्ही चार टाळक्यांसाठी फुंकत. त्याची मला लाज वाटते.

परवा दुपारी बाबांनी वाजवायला सांगितलं. त्यांची आवडती जुनी धून धरली. दोनदा नीट झाली. मग मनाचं काही वाजवायची वेळ आली आणि बोटं आपसूक त्या तुकड्यावर गेली. थांबलो, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. बाबांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "हे ऐकलंय. पुढे?"

पुढे काही नव्हतंच रे. मी क्लॅरिनेट हातात धरून नुसता उभा, आणि ते वाट बघतायत.

तेव्हापासून रोज दार लावून पुढचं शोधत बसतो. माझ्याच्याने होत नाही. डॉक्टरांनी पंधरा-वीस दिवस सांगितलेत. मी खोलीत गेलो की बाबा तेवढंच विचारतात, पुढे? मी उशी सारखी करतो आणि बाहेर येतो.

म्हणून लिहितोय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी जिन्यात जाऊन बसेन. पण ये. मी अडकलो तिथून पुढचं तू वाजव. वेताच्या पट्ट्यांची डबी आणून ठेवली आहे. तू अजून अडीच नंबरच्याच वापरतोस ना?

तुझाच,
दादा