मुरगावच्या बोटीवरची कॅसेट

बाबा, कॅसेटवर गाणारी ती दोघं नवरा-बायको नव्हती. भाऊ-बहीण होती. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा बातमी जरा उशिरा पोचते आहे, पण मलाही ती आत्ताच कळली. यंदा चतुर्थीआधी तुयेच्या घरातला माळा झाडताना तुमचा टेपरेकॉर्डर सापडला. आत ती कॅसेट तशीच होती, आणि घरघरत का होईना, वाजली. तुमच्या नातीने फोन जवळ धरला. फोनने गाणं ओळखलं, फोटो दाखवला, आणि ती म्हणाली, "पपा, ही तर भाऊ-भैण!" आपल्या घरात चाळीस वर्षं उभा असलेला संसार चार सेकंदांत मोडला.

तुम्ही मुरगावला खनिजाच्या बोटी भरायचात. सोमवारी पहाटे निघायचात, शनिवारी संध्याकाळी घरी. अशाच एका शनिवारी ती कॅसेट आली. कुणा परदेशी खलाशाने आईच्या लोणच्याच्या बरणीच्या बदल्यात दिलेली. कव्हर नाही, भाषा कळत नाही, एक पुरुषाचा आवाज आणि एक बाईचा. एकमेकांचं इतकं ऐकून घेणारी माणसं घोव-बायलच असणार, असा निकाल तुम्ही दिलात. आठवड्यातले सहा दिवस तुम्ही घराबाहेर असायचात, त्यामुळे लग्नाबद्दल तुमचं मत चांगलं होतं. टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या जनेलात, खिडकीच्या गजांना टेकवलेला. जेवताना तुम्ही आईला मधेच तोडलंत की ती तिकडे बोट दाखवते, "आयका. त्या बापयाक बायल गाताना गप रवाक येता."

मी आता वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा लोकांची साल काढतो. पोट त्यावर चालतं. गेले दोन महिने या दोघांची मिळतील तेवढी गाणी ऐकली. साल काढण्याजोगं पुष्कळ आहे. कपडे दशावतारातल्या राजाला लाजवतील असे, त्याचे केस बहिणीपेक्षा लांब, आणि मधूनमधून एक वाद्य कुल्फीवाल्याच्या घंटीसारखं वाजत राहतं. तरी लेख काही झाला नाही. ती ओळ उचलते, तो एक पाऊल मागून येतो, आणि ती श्वासाला थांबते तिथे त्याने आधीच सूर धरून ठेवलेला असतो. कोण कुठे संपलं ते सापडत नाही. हे नुसत्या रियाजाने येत नसावं. एकाच ताटातल्या शेवटच्या तुकड्यावरून भांडत मोठं व्हावं लागत असेल. शेवटच्या कडव्यात तो हळूच खाली उतरतो आणि तिला वर एकटीला सोडतो, सायकल शिकवणारा मागचा हात काढून घेतो तसा. शब्दांचा अर्थ मी अजून शोधलेला नाही, शोधणारही नाही. साबणाची जाहिरात निघाली तर काय करू?

कॅसेटवरचं ते गाणं आम्ही दोघांनी चतुर्थीत म्हटलं होतं, आठवतं? मी बारा वर्षांचा, तुमची लेक नऊची. आरत्या संपल्या आहेत, बांद्याहून आत्या आलेली आहे, आरतीला वाजवलेलं घुमट अजून तुमच्या मांडीवर आहे. आम्ही न कळणारे शब्द ऐकून ऐकून पाठ केलेले. मी सुरुवात केली, तिने धरलं, आणि खरं सांगतो, बरं चाललं होतं. आत्याने विचारलं, "ह्यां कसलां गाणां गो?" आई कौतुकाने म्हणाली, "बोटीवरचां. घोव-बायल म्हणतत ता." तुमचा चेहरा उतरला. "घोव-बायलेचां गाणां भावा-भैणीन म्हणूचां? लज नाय?" त्यानंतर मला एकट्याला पडवीत बोलावून विचारलंत, सुरुवात कोणी केली. मारलं कुणालाच नाहीत. फक्त आत जाऊन तिला म्हणालात, "तुझां गाणां आता पुरे." तिने ते इतकं मनावर घेतलं की आजही आरतीला ती नुसत्या टाळ्या वाजवते.

परवा डिचोलीला तिच्याकडे गेलो. ती विळीवर बांगडे कापत होती. गाणं लावलं, फोटो दाखवला, सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या दिसा बाबा चुकले?"

"शंभर टक्के. म्हणायचा हक्क घरात आपल्या दोघांनाच होता."

"आता कळान काय उपेग? बाबा गेले, गळो गेलो." तिने हातातला बांगडा कापून ठेवला. मग म्हणाली, "परत लाव." दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं. "ही ओळ तू खालीच म्हणी होतंस, दादा. दर खेपेक मीच सांभाळून घेय."

मी म्हटलं, असेल.

"पण एक गजाल माका अजून कळूक नाय. त्या दिसा बाबांक कोणी सांगलां, सुरवात माझी म्हणान?"

"आईने असेल," मी म्हणालो. तोंडातून गेलं.

"आई? आई कशाक सांगतली?" असं म्हणून तिने पुढचा बांगडा घेतला. जेवून निघालो तेव्हा तिने माझ्यासाठी चार तुकड्या डब्यात घातल्या.

सुरुवात मी केली होती, बाबा. पडवीत तिचं नाव मी सांगितलं, आणि परवा आईचं. तिला खरं सांगायला फोन करायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा तेच गाणं लावून बसलो. म्हणून आधी तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही काही बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे.