भाजलेला आवाज

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
दि. २ डिसेंबर १९९१

ती. तोताराममामांस,
भटूचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. दिवाळीत तुम्ही दिलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आजच्या एस.टी. पार्सलने पाठवतो आहे. रागावू नका, बिघडलेला नाही.

मागच्या वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी गिटार वाजवली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं होतं की हॉलमध्ये डास शिरलाय, फवारा मारा. ते अजून कानात आहे. यंदा ११ जानेवारीला मला आणि ड्रमवाल्या शालिग्रामला सात मिनिटं मिळाली आहेत. आईला सांगून ठेवलंय, यंदाही हसू झालं तर गिटार विकून टाकणार.

मामा, तुमच्या मशीनचं बटण पार शेवटाला नेलं की आवाज थोडा फाटतो. मला तेच हवंय. पण थोडं नको, भरपूर. जाड, छातीवर कुणी तळहात दाबल्यासारखं. सध्या जे येतं ते खाली चिखल आणि वर टाचण्या. तेवढं जमवून द्या.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो बटण फिरवून थोडा वाढवावा.

तुमचा,
भटू

॥ श्री ॥
वरणगाव
दि. १२ डिसेंबर १९९१

चि. भाचेबुवांस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा ठीक, ओटा चढताना तेवढा बोलतो. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा तुझ्या मामीला वाचायला दिलं. सुगंधाबाईंचं मत असं की पोराला धुळ्याची हवा मानवत नाही. अरे, आवाज फाटलेला हवा असं मेकॅनिकला सांगणं म्हणजे डॉक्टरला मला ताप हवा म्हणून सांगण्यासारखं आहे! तीस वर्षं लोक माझ्याकडे फाटलेला आवाज घेऊन येतात आणि शिवून नेतात. पण तुझं वयच तसं. काय हवं ते नेमकं सांगता येत नाही, म्हणून मी तुझ्या मनातलं ओळखून काम केलं आहे.

सगळे कंडेन्सर नवे घातले. तू गिटार लावतोस त्या माईकच्या तोंडाशी एक रेझिस्टन्स होता तो आणखी मोठा केला, म्हणजे गिटारचा जोर आत एकदम घुसणार नाही. स्पीकरकडून मागे येणारी वायर अधिक कडक लावली. ती चढलेला आवाज लगाम लावून जागेवर आणते. आता बटण शेवटापर्यंत ने, आवाज काशाच्या ताटासारखा स्वच्छ येईल. मी स्वतः त्यावर हरिपाठ म्हणून पाहिला. पैशाचं नाव काढलंस तर कान धरीन.

कुंदाला आशीर्वाद. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
तोताराममामा

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
दि. १९ डिसेंबर १९९१

ती. स्व. भाऊंस,
कुंदाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहिलं हे भटूला कळू देऊ नका. मशीन आलं. पोराने ते उघडलं, दहा मिनिटं वाजवलं आणि वरून माझी जुनी ओढणी घातली. पाच दिवस झाले, हात लावत नाही. आवाज बरा आला का म्हणून विचारलं तर म्हणतो, छान आला, मामांनी फार कष्ट घेतले. आणि ताटावरून उठून जातो. भाऊ, मला त्यातलं काही कळत नाही, मला तो स्वच्छच वाटला. पण माझ्या पोराचं तोंड मला कळतं.

काल शालिग्रामला सांगत होता की गिटारला गिऱ्हाईक बघ. तुमचं मन मोडायचं नाही म्हणून तो तुम्हाला लिहीत नाही. तुम्ही त्याला विचारा, पण असं विचारा की मी सांगितलं असं वाटू नये. बाकी बठ्ठं चांगलं आहे. बहिणीवर माया असू द्या.

तुमची,
कुंदा

॥ श्री ॥
वरणगाव
दि. २३ डिसेंबर १९९१

चि. भटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने मला काही एक कळवलेलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. मला आपलं सहज स्वप्न पडलं की मशीनवर ओढणी घातली आहे.

भटू, मी गोंधळून गेलो आहे. त्या मशीनचा मोठेपणा सांगत नाही, पण तुला एक ठाऊक नाही. ते मी १९६३ साली पुस्तकातली चित्रं बघून, हाताने जोडलं. पहिलंच काम सावद्याच्या एका लग्नाचं. भोंगा बांधायला मी कडुलिंबाच्या झाडावर चढलो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि ऐन घटकेला आवाज जो फाटला, की भटजींच्या तोंडून रेडा बोलतोय असं वाटलं. अख्खा मांडव हसला. नवरदेवाच्या बापाने भोंगा उतरवायला लावला. भोंगा खाली आणि मी झाडावरच. मंडळी जेवायला बसेपर्यंत मी उतरलो नाही.

त्याच आठवड्यात तो रेझिस्टन्स आणि ती मागची वायर मी घातली. त्यानंतर माझ्या कोणत्याही मशीनचा आवाज फाटला नाही. मला लोक ओळखतात ते त्यासाठीच. आणि आता माझा सख्खा भाचा म्हणतो, तेच परत द्या!

मोठ्या माणसाला समजावतोस तसं नको, लहान पोराला समजावतोस तसं समजाव. हसलेला मांडव तूही पाहिला आहेस. मग फाटका आवाज तुला कशाला हवा?

उत्तर टाळलंस तर लोभ कमी करीन.

तुझा,
मामा

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
दि. २८ डिसेंबर १९९१

ती. मामांस,
भटूचा शि. सा. न. वि. वि.

आईला स्वप्नाचं सांगितलं. ती लगेच शेवया बघायला आत गेली.

मामा, झाडाची गोष्ट मी दोनदा वाचली. तुमचं काम वाईट झालं म्हणून ओढणी घातली नाही. ते इतकं चांगलं झालंय की त्यात माझ्या गिटारला जागाच उरली नाही. तार छेडली की स्वच्छ वाजते आणि मरते. मला ती मरायला नको आहे. विलायती कॅसेटमध्ये एक सूर धरला की तो भरतो, गुरगुरतो, कडेने खरबरीत होतो, पण आतून गोल राहतो. गाणाऱ्याचा गळा दाटून येतो तेव्हा आवाज स्वच्छ कुठे असतो? पण खोटाही नसतो.

भटजींचे शब्द फाटले तर अर्थ जातो, हे खरं. माझ्या गिटारला शब्दच नाहीत. तिच्याकडे फाटण्याशिवाय सांगायला काही नाही. याहून नीट मला सांगता येत नाही. नाही पटलं तर सोडून द्या, मी शालिग्रामला एकट्यालाच वाजवायला सांगेन.

माझ्यावरचा लोभ याच्याशी बांधू नका.

तुमचा,
भटू

॥ श्री ॥
वरणगाव
दि. २ जानेवारी १९९२

चि. भटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कळलं असं म्हणणार नाही. पण परवा सुगंधाबाईंनी अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची वांगी लावली होती. साल काळी ठिक्कर पडली तरी त्या काढेनात. मी म्हटलं, जळतंय. त्या म्हणाल्या, जळू द्या, भरीत साल खाऊन होत नाही, साल जाळून होतं. जळकी साल काढायची, वास आत राहतो. मी पुढे घास घेतला आणि तुझा चिखल-टाचण्यांचा हिशेब मला तिथे लागला. चूक फाटण्यात नव्हती. आपण सालीसकट वाढत होतो.

आता नीट वाच. मशीन बंद करून प्लग काढ आणि पंधरा मिनिटं थांब. बंद मशीनसुद्धा माणूस फेकून देतं. मोठ्या कंडेन्सरला साठ वॅटचा बल्ब लावून आतली वीज रिकामी कर. डावा हात खिशात ठेव, काम उजव्यानेच. माईकच्या तोंडाचा रेझिस्टन्स आणि पिवळी नळी घातलेली मागची वायर, दोन्हींचे सोल्डरचे डाग सोडव. हो, तेच दोन. हे लिहिताना माझा हात थांबला होता, पण लिहिलं.

मशीनबरोबरच्या भोंग्यावर वाजवू नकोस. भोंगा म्हणजे नुसती साल, टाचण्या तिथून येतात. जुन्या रेडिओग्रामचा बारा इंची कागदी स्पीकर लाकडी खोक्यासकट या पत्राबरोबर पाठवतो. कागदाला टाचण्या पेलत नाहीत, तोच साल काढेल. तो जोडल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाईल. बास अर्ध्याच्या खाली ठेव. पाणचट वांगं भाजलं तर लगदा होतो, तुझा चिखल तोच. जाडपणा खोकं देईल. आवाज आत घेणारं माईकचं बटण सातावर, बाहेर सोडणारं हॉल बघून. व्हॉल्व्ह वीस मिनिटं तापू दे. गार व्हॉल्व्हचा फाटका आवाज खरंच फाटका असतो.

हे बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. बिघडवायचं काम मी पहिल्यांदाच करतो आहे. तुझ्या लोभाची मला यावेळी जास्त गरज आहे.

तुझा,
मामा

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
दि. १३ जानेवारी १९९२

ती. मामांस,
भटूचा शि. सा. न. वि. वि.

डावा हात खिशातच होता, आई पहारा देत उभी होती.

मामा, पहिला सूर वाजला आणि हॉल गप्प झाला. मला वाटलं, आता डास म्हणणार. मी सूर धरून ठेवला. तो मेला नाही. खोक्याजवळ सरकलो तर आणखी फुगला, खिडकीची तावदानं बोलायला लागली. मग मागच्या बाकावरून ओरडले, पण ते परत वाजव म्हणून ओरडले. सात मिनिटांची अकरा झाली. गॅदरिंगचे सर मध्येच जवळ येऊन विचारून गेले, यंत्र बिघडलंय का. मी सांगितलं, नाही सर, आमच्या मामांनी दुरुस्त केलंय.

गिटारचं गिऱ्हाईक शालिग्रामने परत पाठवलं. सोबत गॅदरिंगची कॅसेट आहे. पाकिटात कागदात गुंडाळलेला तुमचा रेझिस्टन्स आहे. गॅदरिंग झालं, तेव्हा तो परत जोडायला मशीनही तुमच्याकडे पाठवू का, ते कळवा. तुमच्या भजनाला लागेल.

माया अशीच मरू न देता धरून ठेवावी.

तुमचा,
भटू

॥ श्री ॥
वरणगाव
दि. १८ जानेवारी १९९२

चि. भटूस,
अनेक आशीर्वाद.

कॅसेट ऐकली. चांगलं आहे का ते मला अजून कळलेलं नाही, खोटं कशाला लिहू? सुगंधाबाईंचं म्हणणं, वखारीत कुणी सागवान कापतंय. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाल्या की बंद नका करू, जरा बारीक करा.

तू धरलेला तो लांब सूर मी चार वेळा मागे नेऊन ऐकला. मी तो ओळखला, भटू. सावद्याच्या मांडवात फाटला तो हाच. तेव्हा मी झाडावर तोंड लपवून बसलो होतो, म्हणून नीट ऐकलाच नव्हता.

रेझिस्टन्स मिळाला. तो मी खिळ्यांच्या डब्यात टाकला. भजनाला मी दुसरं मशीन जोडीन. हे तुझ्याकडेच राहू दे आणि कितीही अडलं तरी माझ्या टेबलावर आणू नकोस. हाताला तीस वर्षांची सवय आहे, मी बोलता बोलता ते दुरुस्त करून टाकीन.

लोभ आहेच, त्याला मागून वायर लावलेली नाही.

तुझा,
तोताराममामा