‘तेच’ नावाचं टेम्प्लेट

३ जून
मे महिन्याचा रिपोर्ट काढला. शेवटच्या पानावर आपोआप उमटलं – ‘उत्तरेची भिंत पाहिली. धोका नाही. – शालिग्राम, मुकादम.’

शालिग्रामकाका जाऊन सोळा दिवस झाले! त्याच भिंतीखाली गेले. ओळ पुसली, रिपोर्ट पुन्हा काढला. पुन्हा आली. प्रिंटर बंद करून घरी आले.

४ जून
भूतबित काही नाही. मीच केलेलं टेम्प्लेट आहे ते. खदान तिकडे देऊळघाटच्या पुढे, मी इकडे खामगावच्या ऑफिसात पंख्याखाली. किती खणलं, पुढे कुठे खणायचं, ते सॉफ्टवेअर मांडून देतं. साचा एकदा सेव्ह केला की दर महिन्याला नवे आकडे त्यात बसतात. भिंतीचा शेरा तेवढा काका फोनवर सांगायचे, मी टाइप करायची. डिसेंबरात विचारलं, “काका, तेच लिहू ना?”

“हाव ताई, तेच.”

मग शेऱ्याची चौकट रिकामी न करता तशीच सेव्ह केली. नावही दिलं – ‘तेच’. केवढी हुशार मी! वीस मिनिटं वाचायची.

६ जून
रमाकांत साहेब खुशीत. बारा तारखेला चौकशी समिती येणार. “पाच रिपोर्ट आहेत आपल्याकडे! मुकादमानं स्वतःच धोका नाही म्हटलं, मग चूक कोणाची? त्या टेम्प्लेटला हात लावू नका, रुपाली.”

हो म्हणाले मी. हो!!

७ जून
काकांच्या बायको, सत्यभामाबाई, ऑफिसात आल्या होत्या. चहाला हात लावला नाही. “माह्या माणसानं असं लिहिलंच नाही, बाई. जेवता जेवता भिंतीचंच बोलत ते. धोका नाही असं काऊन लिहितीन?”

मी कीबोर्ड पुसत बसले. स्वच्छच होता.

८ जून
काकांचे व्हॉइस मेसेज आहेत मोबाइलमध्ये. उघडायचं धाडस होत नाही.

९ जून
टेम्प्लेट झाल्यावर फोनवर बोलायची गरजच उरली नव्हती. काका महिनाअखेरीला व्हॉइस मेसेज टाकायचे. मी न ऐकताच अंगठा द्यायची – तेच असणार! जानेवारी ते एप्रिल, चार मेसेज, चार अंगठे. पाचवा सतरा मेचा, भिंत पडली त्याच्या आदल्या दिवसाचा. त्याला अंगठाही नाही.

चार ऐकले आज. जानेवारी – “तेच, ताई.” फेब्रुवारी – “तेच.” मार्च – “एक भेग दिसून राह्यली.” एप्रिल – “भेग वाढली, ताई. मले भेव वाटते. साहेबाले सांगा, तिथलं काम बंद करा.” त्याच्याखाली माझा पिवळा अंगठा.

आणि त्याच दिवशीच्या रिपोर्टात – धोका नाही.

पाचवा ऐकवेना.

११ जून
नोकरी जाईल. जाऊ दे. पण हे काकांच्या माथी मारू द्यायचं नाही. भीती वाटते मला. फार वाटते.

१२ जून
समितीपुढे सगळं सांगितलं, मेसेज लावले. सत्यभामाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. पाचवा मीही तिथेच पहिल्यांदा ऐकला –

“ताई, साहेबाचा फोन आला, उद्या भिंतीखालचा दगड काढा म्हणे. तुमचा अंगठा आलता, म्हणजे भेगेचं त्याईले मालूम हाय. मंग काही भेव नाही. मी सोताच उतरतो.”

मग सत्यभामाबाई म्हणाल्या, “अजून एकडाव लावा.”