शेवंतासाठी मूठभर विड्या

७ फेब्रु. ८३, सोम.
कारखान्याची शेड बंद. सकाळी आम्ही बायका गेलो तर दाराला कुलूप. मालकाचा हुकूम : पानं-तंबाखू घरी न्या, विड्या घरी वळा, आठवड्यानं आणून टाका. आम्हा निपाणीच्या बायकांचा मंगळवार, अक्कोळच्यांचा शुक्रवार. म्हणजे एकीनं दुसरीचं तोंडसुद्धा बघायचं नाही. शेवंता अक्कोळची. इतकी वर्षं गुडघ्याला गुडघा लावून बसलो, आणि निरोपही घेता आला नाही. डोकं बधिर झालंय.

१५ फेब्रु., मंगळ.
घरी वळायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं. शेडमध्ये शेवंताची जीभ हातापेक्षा जोरात चालायची. मी ओरडायचे, "गप की गं जरा!" आता गप्पच गप्प.
विड्या तपासून घेणाऱ्या चेकरला विचारलं, ती कशी आहे? सगळ्यांना भेटणारा आता तो एकटाच. "बरी हाय की. तुझी आठवण काढती." तेवढ्यावर आठवडा निघेल.

१ मार्च, मंगळ.
शेवंताला अर्धांग! उजवा हात गेला म्हणे. आमच्यात तिच्याएवढा चपळ हात कुणाचा नव्हता.
शेडची रीत होती. कोण आजारी पडली की प्रत्येकीनं आपल्यातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या, म्हणजे तिचा खाडा होत नाही. चेकर म्हणाला, "रीत मोडू नगासा. माझ्याकडं द्या, मी पोचवतो." देवमाणूस! मी दोन मुठी दिल्या.

१५ मार्च, मंगळ.
मूठ चालू आहे. अक्कोळच्या आणखी दोघी पडल्या म्हणे. काय साथ आलीय कोण जाणे. बघायला जाऊ का विचारलं, तर चेकर म्हणतो, "नगं. कुणी दिसलं की लई रडती." असेलही. पण…

२० मार्च, रवि.
राहवलं नाही. शेवयांची खीर डब्यात घेतली, चालत अक्कोळ. शेवंता सोप्यात विड्या वळत बसलेली. दोन्ही हातांनी! मला बघून किंचाळली. सूप उलटं.
"कमळे! तू चालत आलीस?"
"मग काय रांगत येऊ?"
"अगं, तुला अर्धांग झालतं न्हवं? चेकर सांगत हुता. दर शुक्रवारी तुझ्यासाठी मूठ देतोय आमी!"
तिनं माझ्या उजव्या हाताची बोटं एकेक दाबून बघितली. मी तिची. दोघी रडलो. मग दोन्हीकडच्या मुठी गिळणाऱ्या त्या मेल्याला मी अशा शिव्या घातल्या की तिच्या सासूनं कानांवर हात ठेवले. खीर तशीच राहिली.

२२ मार्च, मंगळ.
"आज मूठ न्हाय?" चेकरनं विचारलं. म्हटलं, "शुक्रवारी देते." बाहेर येऊन आमच्या सगळ्याजणींना सांगितलं. शेवंताचा निरोप : गप बसू या, काम काढून घेईल, चूल विझेल. खरंय तिचं. तरी शुक्रवारी सगळ्या मिळून चेकरकडं जाणार.

२५ मार्च, शुक्र.
दोन्ही गावच्या बायका गेलो. शेवंताचा हात धरून मी पुढं. चेकर पांढराफटक. मग चक्क हसला! "आरं वा, दोघीबी बऱ्या झाला की!"
मी तोंड उघडलं तशी त्यानं आत जाऊन कडी घातली आणि आतून ओरडला, "आज पानं न्हाईत. फुडंबी मिळतील का सांगता येत न्हाय!"
आता खायचं काय, हेच प्रत्येकीच्या तोंडावर. शेवंता माझा हात सोडेना.
तेवढ्यात अक्कोळची म्हातारी तानूआक्का बोटांवर नावं घ्यायला लागली. जिच्या जिच्यासाठी तिनं मूठ दिली होती, त्यांची. मधेच थांबली. नावं घेतलेल्या सगळ्या तिच्यासमोरच उभ्या होत्या.
"म्हंजे गं," म्हणाली, "आपल्यातलं कुणीच आजारी न्हाय?"