भिंगारच्या बाजारातला डबा

नागापूर

तीर्थरूप दादा, पाया पडते.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. भातलावणी उरकली का? बांध चढताना अजून धाप लागते का?

परवा आम्ही कारखान्यातल्या पोरी एका माणसाच्या ऑपरेशनसाठी मदतीचा डबा घेऊन भिंगारच्या बाजारात उभ्या राहिलो. पोलिसांनी हटकलं. परवानगीशिवाय रस्त्यावर मदत मागता येत नाही म्हणे. डबा जमा करून घेतला. तेव्हापासून परवानगीसाठी कचेरीत चकरा मारतेय, जीव थाऱ्यावर नाही.

गावात कुणाचं घर जळालं की तुम्ही उपरणं पसरून दारोदार फिरायचात. तेव्हा परवानगी कुणी विचारली होती?

आता साहेब म्हणतात, ज्याच्यासाठी मागता त्याची सही आणा. अर्ज सोबत पाठवलाय. लई रागवाल, पण तो माणूस तुम्हीच आहात दादा.

सही करा. यावेळी उपरणं मला धरू द्या.

तुमची,
निकिता